हाकेला ओ येण्याआधी

संध्याकाळी कुठल्याही सोसायटीच्या मैदानावर थोडा वेळ उभं राहिलं, की हा प्रसंग बघायला मिळतो. "ब्रूनो, ये. ब्रूनो! ब्रूनो, इकडे ये म्हणतोय ना!" ब्रूनो गवतात नाक खुपसून बसलेला. हाकेचा आवाज चढतो. ब्रूनो एकदा मान वर करतो, मालकाचा चेहरा बघतो आणि आणखी दहा पावलं लांब सरकतो. अखेर येतो तो कान पाडून, जमिनीलगत, वळसा घेत. मालक गळपट्टा धरतो, पाठीवर एक चापट ठेवून देतो आणि साखळी अडकवून घराकडे चालू लागतो. "फार आगाऊ झालाय हल्ली."

आता हाच हिशेब ब्रूनोच्या बाजूनं मांडा. लांब होता तोवर मजा होती. जवळ आला तशी चापट बसली, फिरणं संपलं, साखळी लागली. उद्या तो आणखी उशिरा येईल आणि त्यात आगाऊपणा काही नसेल. जे शिकवलं गेलं ते तो नीट शिकला आहे.

कुत्रं हाकेला येतं ते आपल्याला मान देण्यासाठी नाही. आजवर आल्यावर काय पदरात पडलं, यावर त्याचे पाय वळतात. आणि ज्या कुत्र्याच्या मनात भीती बसली आहे, त्याला तर हाक ऐकण्याइतकीही उसंत नसते. त्याचे कान मागच्या स्कूटरकडे असतात, डोळे पळवाट शोधत असतात. म्हणून क्रम असा धरायचा: आधी कुत्र्याला धीट करायचं, मग हाक शिकवायची. बरेच जण उलटीकडून सुरुवात करतात आणि दोन महिन्यांनी "आमचं कुत्रं मंद आहे" असा निकाल देऊन मोकळे होतात.

भीती कुठून येते

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या पिल्लांचा अनेक वर्षं अभ्यास केला. 1965 साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं, हा त्यातला आजही मानला जाणारा निष्कर्ष. या काळात माणसं, लहान मुलं, छत्र्या, गाड्या, कुकरची शिट्टी असं जे जे सुखानं भेटतं, ते आयुष्यभर 'आपलं' राहतं. जे भेटतच नाही, त्याच्याबद्दल पुढे संशय राहतो.

आपल्याकडची दोन टोकं यावरून समजतात. महागडं पिल्लू लसीकरण पुरं होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने, घराच्या दाराबाहेर निघत नाही. आणि दत्तक घेतलेलं देशी कुत्रं रस्त्यावर जन्मलेलं असतं. त्याला ट्रकचं काही वाटत नाही, पण फरशी, पंखा, मिक्सर, लिफ्ट ही सगळी त्याच्या लेखी भुतं. पिल्लाच्या बाबतीत उपाय सोपा आहे: पहिली लस झाली की त्याला कडेवर घ्या आणि बाजार, रिक्षा स्टँड, शाळेचं फाटक दाखवा. पार्व्हो या रोगाच्या धास्तीनं जमिनीवर ठेवू नका, पण डोळे-कान-नाक तरी फिरू द्या. डॉक्टरांना विचारूनच करा.

मोठं झालेलं भित्रं कुत्रं घरी आलं असेल, तर सर्वांत आधी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. कान सुजलेला असेल, कंबर दुखत असेल, गोचीड-ताप अंगात मुरलेला असेल, तर ते कुत्रं भित्रं किंवा चिडकं दिसतंच. दुखण्यावर प्रशिक्षणाचा उतारा चालत नाही. हाकेला न येणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकूच कमी येत असण्याचीही शक्यता असते.

मग कुत्र्याकडे बघायला शिका. शेपूट पायात घातली म्हणजे भीती, हे सगळ्यांना कळतं. त्याच्या आधीच्या पायऱ्या मात्र निसटतात. खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, पुढचा एक पाय उचलून थबकणं, मान दुसरीकडे वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, अंग पाण्यातून बाहेर आल्यासारखं झटकणं. सगळ्यांत उपयोगी खूण म्हणजे खाणं. एरवी कोंबडीच्या तुकड्यासाठी जीव टाकणारं कुत्रं तोंडाशी धरलेला तुकडा हुंगतही नसेल, तर ते नखरे करत नाहीये. त्या जागी त्याला शिकवण्याचा प्रयत्न त्या क्षणी थांबवा आणि मागे सरा.

लिफ्टसमोरचं कुत्रं

एक उदाहरण जवळून बघू. पाचव्या मजल्यावर राहणारी, वर्षभराची देशी कुत्री. जिन्यानं खाली येते, पण लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज झाला की चारही पाय फरशीला चिकटतात आणि ती घराच्या दिशेनं ओढ घेते. शेजाऱ्यांचा सल्ला: "एकदा उचलून आत टाका, आपोआप सवय होईल."

असं आत टाकलेलं कुत्रं तीन-चार वेळांनंतर खरंच ओरडायचं थांबतं. कोपऱ्यात गुमान उभं राहतं. सगळे म्हणतात, बघा, झालं ना ठीक! पण 1967 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवरच केलेले प्रयोग वेगळं सांगतात. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळण्याचा कुठलाच मार्ग ठेवला नव्हता, त्यांतली बरीचशी पुढे मार्ग मोकळा करून दिला तरी निसटायचा प्रयत्नच करेनाशी झाली. आज असे प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, पण त्यातून कळलेली गोष्ट विसरण्यासारखी नाही. गप्प बसलेलं कुत्रं धीट झालेलं असतंच असं नाही. त्यानं हात टेकलेले असू शकतात.

त्याऐवजी असं करायचं. लिफ्टचं दार दिसतं, पण कुत्री अजून सैल उभी आहे, शेपूट नेहमीच्या जागी आहे, असं अंतर शोधा. ते कदाचित तुमच्या घराच्या उंबऱ्याच्या आतच असेल. घरातल्या कुणाला तरी लिफ्टचं बटण दाबायला सांगा. दार सरकलं, की लगेच उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. दार बंद झालं, खाऊ बंद. पुन्हा दार, पुन्हा तुकडा. इथे तिला काही करायचं नाही, बसायचं नाही, लिफ्टकडे जायचं नाही. दाराचा आवाज आधी आणि खाऊ नंतर, हा क्रम मात्र पाळायचा. पिशवीत हात आधी गेला तर ती तुमच्या पिशवीकडे बघत राहील आणि दाराशी तिचा काही संबंध जुळणार नाही. कुत्र्याला आधी घंटा, मग खाणं, या पावलोव्हच्या प्रयोगातलं तत्त्व हेच.

काही दिवसांत एक बदल दिसेल, आणि तो चुकवू नका: दार सरकल्याबरोबर ती दाराकडे न बघता झटकन तुमच्याकडे मान वळवेल. 'वाजलं! आता तुकडा कुठाय?' हे झालं की एक पाऊल पुढे. फक्त एक. मग दाराशी, मग दारात दोन पंजे, मग आत-बाहेर, मग दार बंद न करता आत खाऊ, मग एक मजला. कुठल्याही टप्प्यावर तिनं मागे सरायचं ठरवलं, तर पट्टा सैल सोडा आणि तिच्यासोबत मागे या. माघार घेता येते हे कळलेलं कुत्रं पुढे यायला धजावतं. ज्याला माघारच नाही, ते पहिल्या पावलालाच अडतं.

"घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला किंवा जवळ घेतलं तर भीती वाढते" हा समज अजून घट्ट रुजून आहे. भीती ही वागणूक नाही, ती भावना आहे. कोंबडी मिळते म्हणून कुणी अधिक घाबरत नाही. कुत्रं तुमच्या पायाशी येऊन चिकटलं तर त्याला चिकटू द्या, हळू आवाजात बोला. फक्त ते जवळ आलेलं नसताना वरून वाकून मिठी मारू नका. ते आपल्याला प्रेम वाटतं, त्याला धरपकड.

घरातल्या घरात धीट करणारे खेळ

यासाठी बाजारातली खेळणी लागत नाहीत. जुनी चादर सैलसर गोळा करून तिच्या घड्यांत खाण्याचे दाणे टाका. ऑनलाइन सामानाच्या खोक्यात चुरगळलेले कागद भरा, त्यात चार तुकडे लपवा. नाकानं शोधण्यात कुत्र्याचं डोकं गुंतून राहतं, आणि दर वेळी 'मी शोधलं, मला सापडलं' असा अनुभव पदरी पडतो. बावरलेल्या जनावराला हा अनुभव फार मोलाचा. रात्रीच्या जेवणाचा अर्धा भाग असाच द्या. वाडग्यातून खाण्यावाचून तसं काही अडत नाही.

दुसरा खेळ पायाखालच्या गोष्टींचा. चटई, पायपुसणं, पालथं घातलेलं पसरट घमेलं, कुरकुरणारा प्लास्टिकचा कागद असं खोलीत मांडून ठेवा. कुत्र्याला बोलावू नका, ओढू नका, नुसतं बसा. त्यानं वास घेतला, तुकडा. पंजा टेकवला, तुकडा. दोन पंजे ठेवून वळून गेलं, तरी तुकडा. दोन-तीन दिवसांत बहुतेक कुत्री त्या वस्तूवर चढून तुमच्याकडे 'आता?' असं बघायला लागतात.

तिसरा खेळ पुढे हाकेसाठी सोन्यासारखा उपयोगी पडतो. हाताचा पंजा उघडा करून कुत्र्याच्या नाकापासून वीतभर बाजूला धरा. ते कुतूहलानं नाक लावेल. नाक टेकताक्षणी "छान!" म्हणा, आणि दुसऱ्या हातानं खाऊ द्या. मग हात थोडा लांब, मग दोन पावलं लांब, मग खोलीच्या टोकाला. परक्या माणसाला बुजणारं कुत्रंही हा खेळ शिकलं, की पाहुण्याच्या हाताला नाक लावून परत तुमच्याकडे पळत येऊ शकतं. ते स्वतः ठरवून जातं, स्वतः ठरवून परततं.

या "छान!"बद्दल थोडं. नाक टेकणं आणि तुकडा तोंडात जाणं यांत दोन सेकंद गेली, तर कुत्र्याला नेमकं कशाचं बक्षीस मिळालं ते कळत नाही. मधला हा छोटा शब्द 'हेच, हेच बरोबर' असा शिक्का मारतो. मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी 1940च्या दशकात जनावरं शिकवताना असा ठरावीक आवाज वापरायला सुरुवात केली. पुढे हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी ही रीत कुत्रेवाल्यांपर्यंत पोचवली. डॉल्फिनला गळपट्टा घालता येत नाही, दटावलं तर तो पोहत निघून जातो. त्याला यावंसं वाटेल असं करणं एवढाच मार्ग उरतो. मैदानात मोकळं सोडलेलं कुत्रं वेगळं काय असतं? टिक-टिक वाजणारा क्लिकर घेतलात तरी चालेल, पण हातात पट्टा, पिशवी आणि क्लिकर सांभाळताना तारांबळ उडते. आपल्या जिभेवरचा शब्द पुरे. मात्र तो एकाच सुरात म्हणा.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं खेळा, आणि कुत्रं अजून उत्साहात असतानाच थांबा.

आता हाक

पहिलं काम शब्द निवडायचं. कुत्र्याचं नाव हा हाकेचा शब्द नाही. नाव आपण दिवसभर घेत असतो: कौतुक करताना, रागावताना, शेजाऱ्याला त्याची कर्तबगारी सांगताना. त्या नावाला आता धार उरलेली नाही. 'ये'चंही बहुतेक घरांत तेच झालेलं असतं. आजी "ये रे बाळा" म्हणते, बाबा "कम" म्हणतात, मुलं "इकडे, इकडे!" ओरडतात. नवा, कोरा, घाईत तोंडातून सहज निघेल असा शब्द घ्या. "चलाचला", "झुप", काहीही. लाजाळू माणसांनी शिट्टी घ्यावी. शिट्टीला राग येत नाही, ती रोज एकाच स्वरात वाजते. घरातल्या सगळ्यांना शब्द एकच, आणि हा शब्द वाया घालवायचा नाही, अशी ताकीद.

पहिले आठ-दहा दिवस कुत्र्याला कुठूनही बोलावू नका. ते तुमच्या शेजारी उभं असतानाच शब्द म्हणा आणि लागोपाठ चार-पाच उत्तम तुकडे एकेक करून द्या. दिवसातून काही वेळा, वेगवेगळ्या खोल्यांत, एवढंच. शब्द कानावर पडताच मान गर्रकन वळायला लागली, की पाया घातला गेला.

'उत्तम तुकडे' म्हणजे काय, ते कुत्रं ठरवतं. रोजच्या कोरड्या खाण्याचे दाणे घरात चालतात, मैदानात मांजराच्या वासापुढे त्यांचं काही चालत नाही. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, कलेजी, उकडलेलं अंडं. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं रताळं. सुकटीसाठी कोकणातली कुत्री वाट्टेल ते करतील, पण ती खारट असते, धुऊन भिजवून अगदी थोडी द्या. तुकडा करंगळीच्या नखाएवढा, आणि दिवसभरात जेवढं दिलं तेवढं जेवणातून कमी. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्याला विषारी असतात. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात.

ही लाच नाही का, असं विचारणारे भेटतातच. आधी तुकडा नाचवून दाखवला आणि मग कुत्रं आलं, तर ती लाच. कारण हात रिकामा दिसला की ते येणार नाही. तुकडा पिशवीत, पिशवी पाठीमागे, कुत्रं शब्दावर आलं आणि मग तुकडा निघाला, तर तो मोबदला. पहिल्या तारखेला पगार घेताना आपल्याला कुणी लाच देतंय असं वाटत नाही.

मग घरात या खोलीतून त्या खोलीत, नंतर बंद दाराच्या व्हरांड्यात, सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. दर नव्या जागी कुत्रं थोडं मागे जातं. घरात पक्कं झालेलं बाहेर कच्चं होतं, ते साहजिक आहे. नव्या जागी अंतर कमी करा, खाऊ वाढवा.

मैदानासाठी लांब पट्टा हवा, आठ ते दहा मीटरचा. खाटेची रुंद नवार आणि एक भक्कम हुक यांत काम भागतं. तो छातीच्या हार्नेसला लावा, गळपट्ट्याला नाही. धावत्या कुत्र्याला मानेत हिसका बसला तर इजा होते. हाताला गुंडाळू नका, बोटं अडकतात. डब्यातून आपोआप आत-बाहेर होणारी दोरी यासाठी नको, ती कायम ताणलेली असते आणि 'मोकळं' म्हणजे काय ते कुत्र्याला कळतच नाही. पट्टा जमिनीवर लोळू द्या. तो कुत्र्याला खेचून आणण्यासाठी नसून त्याला रस्त्यावर जाऊ न देण्यासाठी आहे.

कुत्रं वास घेत पुढे गेलं. वास घेऊन झाला, मान वर आली, अशा क्षणी शब्द म्हणा, एकदाच. म्हणताच त्याच्याकडे पाठ करून दोन-चार पावलं पळा. पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे, तर समोरून चालून येणारा माणूस त्याला अडवणारा वाटतो. ते पोचत आलं की खाली बसा, अंग जरा तिरकं ठेवा, "छान!" म्हणा. मग एका हातानं गळपट्टा हलकेच धरा आणि दुसऱ्यानं खाऊ द्या. गळपट्ट्याला हात लागणं ही चांगली बातमी, हे वेगळं शिकवावं लागतं. नाहीतर हाताच्या अंतरावर येऊन उड्या मारत लांब पळणारं कुत्रं तयार होतं.

आणि मग सोडा. "जा!" म्हणून पुन्हा वास घ्यायला पाठवा. मैदानात बोलावलेल्या दहा वेळांपैकी नऊ वेळा येणं म्हणजे खाऊ आणि पुन्हा सुटका, असा अनुभव आला पाहिजे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी 1959 साली हे तत्त्व मांडलं: जे करायला मनापासून आवडतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. ज्या खड्ड्यातला वास त्याला सोडवत नव्हता, तिथेच त्याला परत पाठवणं हे कधी कधी कलेजीपेक्षाही मोठं बक्षीस ठरतं.

येणार नाही असं दिसत असेल तर हाक मारूच नका. दोन कुत्री समोरासमोर गुरगुरत असताना, खारीमागे धावत असताना अर्धवट शिकलेल्या कुत्र्याला हाक मारणं म्हणजे 'हा शब्द ऐकला नाही तरी चालतो' हे शिकवणं. शांतपणे चालत जा, पट्टा धरा, बाजूला घ्या. पाच वेळा ओरडून सहाव्यांदा आलं, तर ते सहाव्या हाकेला यायला शिकलं. पण उशिरा आलं तरी खाऊ द्या, चेहरा हसरा ठेवा. तुमचा राग पाच मिनिटांपूर्वीच्या उनाडपणावर असतो, त्याला मात्र तो आत्ताच्या येण्याशीच जोडता येतो. आंघोळ, नखं कापणं, कानात औषध यासाठी हा शब्द कधीच वापरू नका. तेव्हा आपणच जाऊन घेऊन या. घरी निघतानाही बोलावून लगेच साखळी लावू नका. थोडं खेळा, चार पावलं सोबत चाला, मग लावा.

सात-आठ महिन्यांच्या सुमाराला सगळं विसरल्यासारखं झालं, तर हताश होऊ नका. 2020 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाइड-डॉग होऊ घातलेल्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना नीट ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याच्या 'बस'कडे दुर्लक्ष करत होती, पण परक्या माणसाचं ऐकत होती. पौगंडावस्थेतली मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे नवीन वाटणार नाही. वयात आलेल्या कुत्र्याला परत लांब पट्ट्यावर आणा, खाऊचा दर्जा वाढवा आणि हा काळ काढा.

झटका देणारा पट्टा आणि 'अल्फा'ची गोष्ट

रिमोटवर विजेचा झटका देणारे पट्टे आता ऑनलाइन सहज मिळतात. 'बोलावलं की यायला शिकवा' अशीच त्यांची जाहिरात असते. 2020 साली लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी, मोकळं सोडल्यावर न येणं असल्या तक्रारी असलेली 63 कुत्री घेऊन तुलना केली. काहींना अनुभवी प्रशिक्षकांनी असे पट्टे वापरून शिकवलं, काहींना त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्याविना, आणि काहींना बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. पट्ट्यानं कुठलाच जादा फायदा झाला नाही, उलट बक्षीसवाल्या गटातली कुत्री सांगितल्यावर अधिक चटकन वागली. त्याच वर्षी पोर्तुगालमधल्या 92 पाळीव कुत्र्यांच्या अभ्यासात, धाक-शिक्षा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त आढळल्या. आधीच भित्र्या कुत्र्याला झटका बसला तर तो त्याचा संबंध तुमच्या हाकेशी जोडेल, की समोरून जाणाऱ्या लहान मुलाशी, हे सांगता येत नाही.

'तुम्ही कळपाचे म्होरके (अल्फा) आहात हे दाखवून द्या' या सल्ल्याचं मूळ बंदिवासातल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी ही कल्पना आपल्या 1970च्या पुस्तकातून लोकप्रिय केली आणि 1999 साली स्वतःच खोडून काढली: जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची गरज ना लांडग्याला, ना आपल्याला.

कुठे सोडायचं, कुठे नाही

हाक पक्की झाली म्हणून रस्त्यावर कुत्रं मोकळं सोडायचं नाही. आपल्या गल्लीबोळांत गाड्या आहेत, कचराकुंड्या आहेत, आणि दर चौकात तिथली कुत्री आपली हद्द राखून असतात. बिनपट्ट्याचं पाळीव कुत्रं त्या हद्दीत शिरलं की भांडण ओढवतं, आणि दोष मात्र रस्त्यावरच्या कुत्र्यांना लागतो. कुंपण असलेली जागा, ओळखीच्यांचं शेत, परवानगी घेऊन रिकामं टेनिस कोर्ट, इथे सोडा. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू द्या.

कारवान, मुधोळ, पश्मी असली शिकारी कुत्री पाळणाऱ्यांनी आणखी जपावं. ही नजरेनं शिकार करणारी जात. माळावर ससा उठला, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते कुत्रं दिसेनासं होतं. उत्तम शिकवलेलं कारवानसुद्धा त्या क्षणी ऐकेलच याची खात्री कुणी देऊ नये.

गणपती ते दिवाळी या काळात तर कुठल्याही कुत्र्याला पट्ट्याविना बाहेर काढू नका. ढोल-ताशा किंवा सुतळी बॉम्ब वाजला, की महिनोन्‌महिने पक्की केलेली हाक निकामी होते आणि कुत्रं वाट फुटेल तिकडे धावतं. फटाक्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर जेमतेम ऐकू येईल इतकं लावून, खाऊसोबत, काही आठवडे आधीपासून सवय लावता येते, लिफ्टच्या दाराला लावली तशीच. त्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं लवकर उरका, आतल्या खोलीत खिडक्या लावून त्याची जागा करा. फारच घाबरत असेल तर डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. भीती कमी करणारी औषधं असतात. नुसतं अंग लुळं करणाऱ्या गुंगीच्या औषधानं मात्र भीती आत तशीच राहते, कुत्र्याला पळता येत नाही एवढंच. हा फरक डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

प्रशिक्षक ठेवायचा झाला, तर फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता? "पुन्हा सोपं करून देतो" असं उत्तर आलं तर पुढे बोला. आवळणारी साखळी, "थोडा धाक लागतोच", "महिनाभर आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो" असं ऐकू आलं तर धन्यवाद म्हणून निघा. महिन्यानं कुत्रं त्या माणसाच्या हाकेला येईल, तुमच्या नाही. शिकवणी चालू असताना घरातल्या कुणाला तरी शेजारी बसू द्यायला तो तयार हवा. आणि रोज सकाळी कुत्रं फिरवायला येणाऱ्या मुलाला तोच शब्द, तीच खाऊची पिशवी आणि न ओरडण्याची तीच अट सांगून ठेवा, कारण आठवड्यातल्या निम्म्या हाका तोच मारणार आहे.